गाडी जुनी असू द्या, टायर नवा हवा

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्न निघालं, की वाशीम-कारंजा-रिसोडकडच्या कितीतरी घरांत शेडमधली जुनी गाडी बाहेर काढायची चर्चा सुरू होते. कुणाकडे आजोबांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी असते, कुणाकडे वडिलांची अॅम्बॅसेडर, तर कुणाच्या शेतावर जुनी जीप. बॅटरी बदलतात, कार्ब्युरेटर साफ होतो, रंगाला पॉलिश बसतं. टायरकडे मात्र एक नजर टाकून निकाल दिला जातो : "खाचा शिल्लक आहेत, चालतील अजून." जुन्या गाडीच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच आहे.

मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेली पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर या दोन्ही गाड्या आता बनत नाहीत. अॅम्बॅसेडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीच्या काळात या मापांचे टायर दुकानात सहज मिळायचे, आता शोधावे लागतात. शोधावं लागलं की माणूस मिळेल ते घेतो आणि फसगत तिथेच होते. म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी काय पाहायचं, काय मोजायचं आणि काय विचारायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी टायरची जन्मतारीख वाचा

रबर वापरामुळे झिजतं, तसंच नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. ऊन, हवेतला ओझोन आणि उष्णता यांनी ते कडक होत जातं. वर्षाला दोनशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या टायरच्या खाचा पंधरा वर्षांनीही भरलेल्या दिसतात. आतले धाग्यांचे थर आणि रबर यांची पकड मात्र सुटत आलेली असते. असा टायर घरापासून बसस्टँडपर्यंत काही बोलत नाही. भर मे महिन्यात चार माणसं बसवून तासभर पळवला की फुटतो.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल, तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये बनला. चाराऐवजी तीनच आकडे असतील, तर तो २००० सालाच्या आधीचा आहे. त्यावर एक किलोमीटरही जाऊ नका. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा.

पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी बदलावा, असा अनेक टायर कंपन्यांचा सल्ला आहे. वाशीमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी ही मर्यादा सात-आठ वर्षांवर आणेन. बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबून रबर किंचित ताणून बघा. केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उघडलं, तर तारखेची वाट बघू नका. स्टेपनीही याच हिशेबात धरा. ती अनेकदा गाडीत सगळ्यात म्हातारी असते.

मूळ माप काय होतं?

गाडीवर आज जो टायर आहे त्याचं माप म्हणजे गाडीचं मूळ माप, असं गृहीत धरू नका. मधल्या मालकाने काहीही चढवलेलं असू शकतं. मूळ माप गाडीच्या हँडबुकात मिळतं. फियाट ११०० आणि पद्मिनीचं ५.२०-१४, अॅम्बॅसेडरचं ५.९०-१५ आणि जुन्या विलीज-महिंद्रा जीपचं ६.००-१६. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. मध्ये उंचीचा आकडा नसतो, कारण त्या काळच्या टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असे.

जीपवाल्यांनी इथे खास सावध राहावं. ६.००-१६ हे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचंही माप आहे आणि आपल्या सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात ते कुठल्याही दुकानात मिळतं. रिमवर ते बिनबोभाट बसतं, स्वस्तही पडतं. पण त्यावर वेगाची खूण बघा. ए६ असेल तर तो टायर ताशी ३० किलोमीटरसाठी आहे, ए८ असेल तर ४० साठी. त्याच्या उभ्या धारा नांगरलेल्या मातीत दिशा धरायला असतात, ओल्या डांबरावर ब्रेक दाबून थांबायला नव्हेत. जीप शेताबाहेर जाणार असेल, तर हा टायर तिच्यासाठी नाही. दुकानदाराला "जीपचा" टायर मागा, "सहाशे-सोळा" एवढंच म्हणू नका.

नायलॉन की रेडियल?

बाजारात ज्याला नायलॉन टायर म्हणतात, त्यात धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, पोलादी तारांचा पट्टा असतो. मिशलँ कंपनीने ही रचना दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आणली. भारतात रेडियल आला १९७७ मध्ये, जेके टायरकडून. म्हणजे तुमच्या गाडीचा आराखडा झाला, तेव्हा तो आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नायलॉन टायरच होता.

गाडी प्रदर्शनात किंवा रॅलीत न्यायची असेल, तिचं मूळ रूप जपायचं असेल आणि वेग ५०-६० च्या वर जाणार नसेल, तर ताजा नायलॉन टायर योग्य आहे. तो दिसतो बरोबर, काळ्या मातीच्या खडबडीत पांदणीवर त्याची भिंत दगड-काटा बऱ्यापैकी सोसते आणि गाडी उभी असताना स्टिअरिंगही हलकं राहतं. त्याचे तोटेही लक्षात घ्या : तो वेगात लवकर तापतो, रस्त्यावरच्या चाकोरीमागे गाडी ओढतो आणि ओल्या रस्त्यावर कमी धरतो.

गाडी घेऊन तुम्ही खरोखर अकोला, हिंगोली किंवा अमरावतीला जाणार असाल, तर रेडियल घ्या. तो कमी तापतो, पावसात जास्त धरतो आणि जास्त टिकतो. जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसतं, त्यामुळे उभ्या गाडीचं चाक फिरवताना जोर थोडा जास्त लागेल. त्याची सवय होते.

एक नियम मात्र मोडू नका. एकाच धुरेवर एक नायलॉन आणि एक रेडियल कधीही नको. दोनच नवे रेडियल घ्यायची वेळ आली, तर ते मागे बसवा. रेडियल पुढे आणि नायलॉन मागे असेल, तर वळणावर पुढची चाकं रस्ता धरून ठेवतात, मागची सुटतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. खरा उपाय एकच : चारही टायर एका जातीचे, एका मापाचे, आणि पाचवा त्यांच्याच जोडीचा.

पर्यायी माप काढायचं गणित

मूळ माप मिळालं नाही, तर आजच्या मापांतून जवळचं निवडावं लागतं. त्यासाठी टायरचा पूर्ण व्यास जुळवायचा. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

जुन्या ५.२०-१४ ची रुंदी ५.२० इंच, म्हणजे १३२ मिलिमीटर. त्या काळच्या टायरची उंची रुंदीच्या सुमारे ९५ टक्के धरली, तर ती साधारण १२५ मिलिमीटर येते. टायर रिमच्या वरही असतो आणि खालीही, म्हणून दुप्पट करा : २५०. रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बेरीज झाली ६०६ च्या आसपास.

आता नवी मापं तपासू :

- १५५/८० आर १४ : १५५ चे ८० टक्के १२४, दुप्पट २४८, अधिक ३५५.६, एकूण ६०३.६. मूळ मापाच्या अगदी लगत.
- १६५/८० आर १४ : एकूण ६१९.६. सुमारे सव्वादोन टक्के मोठा. हे माप स्विफ्टच्या काही मॉडेलना लागतं, म्हणून सहज मिळतं. पण चाक पूर्ण वळवून आणि गाडीत माणसं बसवून मडगार्डला घासत नाही ना, ते बघितल्याशिवाय घेऊ नका.
- १७५/६५ आर १४ : एकूण ५८३. जवळजवळ चार टक्के लहान. गाडी सुमारे ११ मिलिमीटर खाली बसते, इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर असतो त्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. दिसायला रुंद आणि ऐटदार असला, तरी पद्मिनीला हा टायर नको.

अॅम्बॅसेडरसाठी हीच रीत. ५.९०-१५ चा व्यास सुमारे ६६६ येतो. १७५/८० आर १५ चा ६६१, तर १६५/८० आर १५ चा ६४५. पहिला जवळचा, दुसरा तीन टक्क्यांनी लहान. मूळ व्यासापासून दोन-अडीच टक्क्यांच्या आत राहायचं, एवढं लक्षात ठेवा.

हिशेब पडताळायची सोपी रीत आहे. सध्याच्या टायरमध्ये बरोबर हवा भरा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे खडूने टायरवर आणि फरशीवर एकेक रेघ मारा. गाडी सरळ ढकला. टायरवरची रेघ पुन्हा खाली आली की फरशीवर दुसरी रेघ मारून टेपने अंतर मोजा. पद्मिनीच्या मूळ मापाला हे अंतर १८५ सेंटिमीटरच्या जवळपास भरतं. त्यात मोठा फरक आला, तर मधल्या कुणीतरी माप बदललेलं आहे.

रुंदीचा मोह आवरा. जुन्या गाडीची रिम अरुंद असते. तिच्यावर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत खेचल्या जातात, मधला भाग फुगतो, झीज मधोमध होते आणि वळणावर टायर डोलतो. रिमची आतली रुंदी मोजा आणि त्या रुंदीला कुठली मापं चालतात, ते टायर कंपनीच्या तक्त्यात पाहायला दुकानदाराला सांगा. प्रत्येक अधिकृत विक्रेत्याला हा तक्ता मिळू शकतो.

भार आणि वेगाची खूण

रेडियलच्या मापापुढे दोन आकडे आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ८० एस. आकडा भार सांगतो : ७५ म्हणजे एका टायरला ३८७ किलो, ८० म्हणजे ४५०, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेग सांगतं : क्यू १६०, एस १८०, टी १९०.

वेगाची चिंता जुन्या गाडीला नाही, कुठलंही अक्षर पुरतं. भाराकडे मात्र लक्ष द्या. पद्मिनीचं स्वतःचं वजन ९०० किलोच्या आसपास. पाच माणसं आणि सामान धरलं तर एकूण १,३०० होतं आणि मागे बसणाऱ्यांमुळे मागच्या टायरवर जास्त येतं. अॅम्बॅसेडर याहून बरीच जड. आपल्याकडे लग्नाला जाताना अॅम्बॅसेडरमध्ये पाच माणसं बसून थांबत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पद्मिनीला ७५ च्या खाली आणि अॅम्बॅसेडरला ८५ च्या खाली जाऊ नका.

दुकानात काय बघायचं, काय नाकारायचं

मोटारीच्या टायरवर आयएसआय खूण आणि आयएस १५६३३ हा क्रमांक असायला हवा. तशी सक्ती केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशाने आली. त्यातच जून २०२० पासून टायरची आयात मुक्त राहिलेली नाही. म्हणून परदेशात जुन्या गाड्यांसाठी खास बनणारे टायर इथे सरळ मागवता येत नाहीत. कुणी "इंपोर्टेड विंटेज टायर" म्हणून देऊ केला, तर खूण, तारीख आणि पक्कं बिल या तिन्ही गोष्टी बघा. त्यांतली एक जरी नसेल तर परत फिरा.

दुर्मीळ मापांत "नवा, न वापरलेला" टायर अनेकदा गोदामात दहा-बारा वर्षं पडून असतो. त्याच्यावर प्लास्टिक असतं, लेबल असतं, बारीक केसही असतात. तरी तो म्हातारा आहे. फोनवरच तारखेचे चार आकडे विचारा आणि फोटो मागवा. दोन वर्षांपेक्षा जुना टायर पूर्ण किमतीत घेऊ नका, पाच वर्षांपेक्षा जुना फुकटातही घेऊ नका.

मोटारीला रिमोल्ड टायर नको. वरचं रबर नवं असतं, आतला सांगाडा जुनाच राहतो. दुसऱ्याने उतरवलेला टायरही नको; त्याचा पूर्वेतिहास कुणालाच ठाऊक नसतो. असे टायर बंडीला चालतील, बैल काही ताशी साठने पळत नाहीत. घरच्या माणसांना घेऊन निघणाऱ्या गाडीला ते चालणार नाहीत.

रिम, ट्यूब आणि बसवणी

टायर घेतला म्हणजे काम झालं असं नाही. निम्मं काम बसवण्यात आहे. म्हणून बसवताना तिथे उभे राहा.

जुना टायर उतरला की रिम बघा. कडेच्या खोबणीत गंजाचे पापुद्रे असतात. ते तारेच्या ब्रशने खरवडून, पॉलिश पेपर मारून, रंग देऊन रिम वाळू द्यावी लागते. घाईत गंजावरच टायर चढवला, तर तोच पापुद्रा आत ट्यूबला खात राहतो आणि महिन्याभरात पंक्चर होतं. रिम फिरवून तिच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक स्थिर धरा. कड जवळ-लांब होत असेल तर रिम वाकडी आहे. वाकड्या रिमवर कुठलाच टायर सरळ धावणार नाही.

जुन्या रिमला ट्यूब लागतेच. त्या ट्यूबलेससाठी बनलेल्या नाहीत : कडेला टायर अडवून धरणारा उंचवटा नसतो आणि रिव्हेटवाल्या रिममधून हवा झिरपते. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं, तरी आत ट्यूब टाकावीच लागेल. ट्यूब नवीच घ्या, टायरच्या मापाची घ्या आणि रेडियलमध्ये रेडियलसाठीचीच घ्या. जुनी ट्यूब वाढलेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते. टायरच्या आत चिकटवलेलं कागदी लेबल असेल तर काढून टाका, आतून हात फिरवून खडा-तार नाही ना ते बघा आणि टाल्कम पावडर मारायला सांगा. आधी थोडी हवा भरून, सोडून, ट्यूब आत सरळ बसू द्या. मग पूर्ण हवा भरा. व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून सरळ बाहेर आला पाहिजे. तो तिरपा असेल तर पुन्हा उतरवायला लावा, त्यात संकोच नको.

नंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करा. आधीचा टायर एका बाजूने खाल्लेला असेल, तर दोष टायरचा नव्हता. किंगपिन, बुश, बेअरिंग आधी तपासा, नाहीतर नवे टायरही तसेच जातील. पन्नास-शंभर किलोमीटर फिरल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळा.

आपले रस्ते, आपलं ऊन

समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून त्यावर चढता येतं. मोटारींना तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे आणि काँक्रीट तापलेलं असतं. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये तिथे जाणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली, तेही याच कारणाने. पद्मिनी-अॅम्बॅसेडरसाठी कारंजा-शेलूबाजार-मालेगाव-मेहकर हा जुना रस्ताच चांगला. तिथे साठच्या वेगाने कुणाच्या आड न येता जाता येतं, आणि टायर तापला तर झाडाखाली थांबताही येतं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर निघा.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे दीड पीएसआय वाढतो. पळून आलेल्या टायरमधली "जास्तीची" हवा काढली, तर सकाळी तो कमी हवेचा होतो. आणि कमी हवेचा टायरच सगळ्यात जास्त तापून फुटतो. हँडबुकातला आकडा नायलॉन टायरसाठी आहे. रेडियलमध्ये त्याहून दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, पण टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या आतच. रेडियलची भिंत खाली थोडी फुगलेली दिसते, ती तशीच असते. ती सरळ दिसावी म्हणून हवा ठासू नका.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर ती चार स्टँडवर उचलून ठेवा. ते जमत नसेल तर दर पंधरा दिवसांनी फूट-दोन फूट पुढे-मागे करा, नाहीतर टायर खालून चपटे होतात. टायरवर ऊन येऊ देऊ नका, आणि चकाकी यावी म्हणून डिझेल किंवा ऑइल अजिबात लावू नका. त्याने रबर कुजतं.

कागदपत्रांची बाजू

पंधरा वर्षं झालेल्या खासगी मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर नियमात बसत नाही. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात; वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की मर्यादा संपली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. त्यात गाडीचं मूळ रूप महत्त्वाचं आहे. त्या वाटेने जायचं असेल, तर रुंद रिम आणि भलत्या मापाचे टायर चढवण्याआधी दहादा विचार करा.

क्रम लक्षात ठेवा

आधी तारीख वाचा, मग मूळ माप शोधा, वापर ठरवून नायलॉन की रेडियल ते पक्कं करा, व्यास आणि भार जुळवा, रिम दुरुस्त करा, पाच टायर आणि पाच ट्यूब एकदम घ्या. वाशीममध्ये माप मिळालं नाही तर अकोला, अमरावती, नागपूरच्या विक्रेत्यांना विचारा. कंपनीकडून मागवून घ्यायला पंधरा दिवस लागले तरी थांबा. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून चुकीचे टायर चढवू नका, वरातीला भाड्याची गाडी आणा.

जुनी गाडी जपणारा माणूस तिच्या मूळ आरशासाठी, मूळ हॉर्नसाठी महिनोन्‌महिने शोध घेतो. ते प्रेम मला समजतं. पण आरसा आणि हॉर्न मूळचे असावेत, टायर मात्र ताजाच असावा. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तळहाताएवढे चार ठिपकेच असतात, आणि आत बसलेल्या सगळ्यांचा भरवसा त्यांच्यावर असतो. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन शेडमध्ये जा आणि पाचही टायरच्या तारखा वहीत लिहून काढा. पुढचा निर्णय ते आकडेच देतील.